पक्ष्यांसाठी दुर्बीण घेताना: आठची की दहाची, आणि त्याआधी पाहायच्या गोष्टी

हिवाळा लागला, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) उतरल्याचे फोटो फिरू लागले, की नव्याने पक्षी पाहू लागलेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: दुर्बीण कोणती घेऊ, आठची की दहाची? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना बहुतेकांनी मनात एक गोष्ट धरून ठेवलेली असते, की जितके पट जास्त तितकी दुर्बीण भारी. पक्ष्यांच्या बाबतीत हे खरं नाही. पक्षी दुर्बिणीत पटकन सापडला पाहिजे, सापडल्यावर स्थिर दिसला पाहिजे आणि त्याचे रंग खरे दिसले पाहिजेत. पटींचा हिशेब या तिन्हींच्या नंतर येतो. दुकानात मात्र सगळं बोलणं पटींवरच सुरू होतं आणि पटींवरच संपतं.

आधी आकडे समजून घेऊ. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. विजेच्या तारेवर ८० मीटर लांब एक कापशी घार बसली आहे असं धरा. आठच्या दुर्बिणीतून ती १० मीटरवर बसल्यासारखी दिसेल, दहाच्या दुर्बिणीतून ८ मीटरवर. कागदावर आठ आणि दहा यांत केवढं अंतर वाटतं, आणि प्रत्यक्षात हाती लागतात ते एवढे दोन मीटर. त्या दोन मीटरांसाठी बरंच काही सोडावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे स्थिरता. दुर्बीण पक्षी मोठा करते तसा हाताचा कंपही मोठा करते. आंबोलीतला चढ चढून धाप लागलेली असताना, किंवा भिगवणच्या होडीत उभं राहून दहाची दुर्बीण डोळ्याला लावून पाहा. पक्षी मोठा दिसतो, पण त्याच्या डोळ्याभोवती कडं आहे की नाही हे ठरवता येत नाही, कारण चित्र ठरतच नाही. आठची दुर्बीण बहुतेकांना हातात स्थिर धरता येते. दहाची काहींना जमते, बाकीच्यांना सवयीने जमते. बाराची मात्र हातात धरून फार वेळ पाहता येईल अशी माणसं थोडीच. १२×५० घेऊन ती घरी ठेवणारे बरेच सापडतील, कारण ती जड असते, हलते आणि तिला स्टँड लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दिसणाऱ्या भागाची रुंदी, ज्याला सगळे फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. माझ्या मते पक्षी पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हा आकडा पाहावा. तो अंशांत दिलेला असतो, किंवा १००० मीटरवर किती मीटर रुंदी दिसते असा. एक अंश म्हणजे १००० मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर. साधारणपणे पट वाढले की ही रुंदी कमी होते, पण नेहमीच नाही, आणि गंमत इथेच आहे. निकॉनच्या दोन मालिका शेजारी ठेवून बघा. मोनार्क एम५ ची ८×४२ दुर्बीण ६.४ अंश दाखवते. मोनार्क एम७ ची ८×४२ दाखवते ८.३ अंश. पट तेच, भिंग तेवढंच, कंपनी एकच. आणि एम७ ची १०×४२ सुद्धा ६.९ अंश दाखवते, म्हणजे एम५ च्या आठच्या दुर्बिणीपेक्षा जास्त. नुसतं ‘८×४२’ वाचून दुर्बिणींची तुलना करता येत नाही, ती यामुळे.

हे अंश जंगलात काय करतात? कर्नाळ्याच्या झाडीत सकाळी मिश्र थवा येतो. निखार, सुभग, शिलींध्री, मागून भृंगराज. पक्षी २० मीटरवर असेल तर ६.४ अंशांच्या दुर्बिणीत तुम्हाला सव्वादोन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, ८.३ अंशांच्या दुर्बिणीत जवळपास तीन मीटरचा. रुंदीत फरक थोडा वाटतो, पण दिसतं ते वर्तुळ असतं, आणि त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त भरतं. अरुंद दुर्बिणीतून थवा शोधणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं. माणसं आहेत हे कळतं, नवरानवरी नेमकी कुठे ते सापडेपर्यंत अक्षता पडलेल्या असतात. नवख्या माणसाला ‘पक्षी दुर्बिणीत सापडतच नाही’ अशी अडचण येते तेव्हा दोष त्याच्या नजरेला देऊ नये. बहुतेकदा हातातली दुर्बीण अरुंद असते.

एक सवय मात्र लावून घ्यावी. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधायची आणि मग पुन्हा झाडाकडे बघायचं, यात पक्षी हमखास हरवतो.

एवढं आठच्या बाजूने लिहिलं, तरी दहाची दुर्बीण वाईट असं अजिबात नाही. नान्नजचा माळ असो की सासवड-मोरगावकडची गवताळ रानं, तिथे पक्षी लांब असतो आणि मोकळ्यावर असतो. धाविक ढेकळांत उभा राहतो तो बराच वेळ. भोवत्या गवतावरून सावकाश घिरट्या घालत जातो. शोधाशोध कमी आणि बारकाई जास्त, अशा ठिकाणी दहाचे पट कामाला येतात. नांदूर मध्यमेश्वरलाही पाण्यापलीकडची बदकं बघायला दहाची बरी. ज्याचं फिरणं बहुतेक माळावर आणि जलाशयांवर आहे, ज्याचे हात स्थिर आहेत, त्याने १०×४२ घ्यावी. ज्याचं फिरणं सह्याद्रीच्या झाडीत आहे किंवा मिळेल तिथे आहे, त्याने ८×४२. आणि उजनीच्या पाण्यापलीकडे चिखलात पळणारे टिलवे, तुतवार ओळखायचे असतील, तर आठ आणि दहा दोन्ही अपुरे पडतात. त्या कामाला तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो, २० ते ६० पटींचा. तेवढ्यासाठी १६ किंवा २० पटींची दुर्बीण घेऊ नये, तिचा ना स्कोपसारखा उपयोग होतो ना दुर्बिणीसारखा.

झूम दुर्बिणींबद्दल दोनच वाक्यं. ८-२४×५० असं काही लिहिलेली दुर्बीण पक्ष्यांसाठी घेऊ नये: कमी पटींवर ती अरुंद दिसते, जास्त पटींवर अंधूक. आणि पर्यटनस्थळांवर ‘१०० पट’ लिहून विकतात त्यातला शंभराचा आकडा खोटा असतो.

आता उजेडाकडे वळू, कारण दुसरा आकडा त्याचाच आहे. ४२ ला ८ ने भागा: ५.२५. दुर्बिणीच्या मागच्या भिंगातून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. याला एक्झिट प्यूपिल म्हणतात आणि तो डोळ्यांनी बघता येतो. दुर्बीण हातभर लांब धरा, उजेडाकडे रोखा. मागच्या भिंगांत दोन उजळ गोल ठिपके तरंगताना दिसतील. ८×४२ मध्ये ते मोठे असतात, १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटरचे, ८×३२ मध्ये ४ चे, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये जेमतेम अडीचचे.

आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरची असते. तेव्हा दुपारी बारा वाजता या सगळ्या दुर्बिणी सारख्याच उजळ दिसतात. दुकानदार दुर्बीण दाखवतो ती बहुतेकदा याच वेळी, त्यामुळे लहान दुर्बीण घेणाऱ्याला फरक कळत नाही. फरक कळतो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, किंवा पावसाळी दिवसात दाट झाडीखाली नवरंग पाचोळ्यात उड्या मारत असतो तेव्हा. त्या वेळी बाहुली मोठी झालेली असते आणि अडीच मिलिमीटरचा झोत तिला पुरत नाही. पक्षी दिसतो, त्याचे रंग दिसत नाहीत. याची दुसरी बाजूही आहे. वय वाढतं तशी अंधारात बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, साठीच्या आसपास बहुतेकांची पाचाच्या पुढे फारशी जात नाही. म्हणजे ७×५० दुर्बिणीचा सात मिलिमीटरचा झोत साठीच्या माणसाच्या डोळ्यात पूर्ण शिरतच नाही, आणि जास्तीच्या भिंगाचं वजन तेवढं गळ्यात राहतं.

मोठ्या झोताचा एक फायदा मात्र भर दिवसाही मिळतो. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. होडीत, चालत्या जीपमध्ये किंवा मान वर करून धनेश बघताना हे फार जाणवतं.

वजनाचं म्हणाल तर ८×४२ साधारण साडेपाचशे ते आठशे ग्रॅम भरते, ८×३२ त्याहून हलकी. ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांनी ८×३२ कडे निःशंकपणे जावं. पहाटेचा पहिला अर्धा तास सोडला तर ती कुठे कमी पडत नाही.

किमतीचा खरा खेळ दुर्बिणीच्या पोटात चालतो. पुढचं भिंग चित्र उलटं पाडतं. ते सुलटं करायला आत प्रिझम बसवलेले असतात, आणि त्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली रचना म्हणजे पोरो प्रिझम. त्यावर आधारलेल्या दुर्बिणी झाइसने १८९४ मध्ये बाजारात आणल्या. पुढची भिंगं लांब लांब, मागची जवळ, मध्ये खांद्यासारखा उंचवटा, असा जुना ओळखीचा आकार दिसला की ती पोरो. नळ्या सरळसोट असतील तर ती रूफ प्रिझमची.

सरळ नळ्यांची दुर्बीण आटोपशीर असते, दिसायलाही देखणी. पण तिच्या प्रिझममध्ये दोन अडचणी आहेत. बहुतेक रूफ दुर्बिणींत वापरतात त्या प्रिझमच्या एका पृष्ठभागावरून प्रकाश आपोआप पूर्ण परत फिरत नाही, तिथे आरशासारखा लेप द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा लेप स्वस्त, पण तो दहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश खातो. चांदीचा त्याहून बरा. डायलेक्ट्रिक नावाचा अनेक थरांचा लेप ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतो, पण तो महाग. दुसरी अडचण म्हणजे या प्रिझमच्या धारेवर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि पुन्हा एकत्र येताना त्यांच्या लहरी जुळत नाहीत. चित्र फुटत नाही, नुसतं मऊ पडतं, बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. यावरचा उपाय म्हणजे फेज कोटिंग. झाइसने तो १९८८ मध्ये आणला, आता मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही मिळतो.

पोरो प्रिझमला या दोन्हींची गरज पडत नाही. त्यामुळे खर्चाची मर्यादा दहा हजारांच्या आसपास असेल, तर माझा सल्ला ठाम आहे: त्या किमतीतली पोरो दुर्बीण त्याच किमतीच्या रूफ दुर्बिणीपेक्षा बहुतेक वेळा उजवी दाखवते. ऑलिंपसची ८×४० डीपीएस-१ हे त्याचं चांगलं उदाहरण: ८.२ अंश रुंदी, ७१० ग्रॅम वजन, आणि साधी सरळ बांधणी. उणीव एकच, पण आपल्याकडे ती मोठी आहे. ती पाण्यापासून सुरक्षित नाही. फोकस करताना तिची मागची भिंगं आतबाहेर होतात, आणि त्यांच्या बाजूने दमट हवा आत जाते. पावसाळ्यात घाटात फिरणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच ती घ्यावी.

आता बारीक रेघांचं महत्त्व. रानपिंगळा आणि ठिपकेदार पिंगळा हे दोन्ही आपल्याकडच्या सागाच्या जंगलात आहेत. रानपिंगळा नाहीसा झाला असं शतकभर मानलं जात होतं, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात दिसला, तानशातही दिसला. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास नसतातच. करड्या-तपकिरी पक्ष्याच्या डोक्यावरचे हे ठिपके, तेही सुकलेल्या पानांच्या कवडशांत, मऊ पडलेल्या चित्रात दिसत नाहीत. तिथे दहा पट नसले तरी चालतात, पण चित्र लख्ख लागतं.

काचेवरच्या लेपाचंही असंच आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. एका नळीत असे बारा पृष्ठभाग धरले, तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम साठ टक्के डोळ्यापर्यंत पोचतो. चांगल्या बहुपदरी लेपामुळे प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आलं, तर नव्वद टक्क्यांहून जास्त पोचतो. म्हणून खोक्यावरचे शब्द नीट वाचावेत. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर एक थर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर, आणि घ्यायची ती हीच. खातरजमा करायची तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पुढच्या भिंगात डोकावा. आत ट्यूबची अनेक प्रतिबिंबं एकामागे एक दिसतील. ती हिरवट, जांभळट आणि मंद असतील तर ठीक. एखादं ठळक पांढरं दिसलं तर तो पृष्ठभाग उघडा आहे. आणि पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर ती दुर्बीण खाली ठेवा. जो लाल रंग तुम्हाला भिंगावर चमकताना दिसतो तो आत जातच नाही, आणि मग निखाराचा शेंदरी रंग कुठून दिसणार!

खोक्यावर ईडी असं लिहिलेलं असतं ते खास काचेबद्दल. साध्या काचेतून वेगवेगळे रंग नेमके एकाच जागी येत नाहीत, त्यामुळे उजळ आकाशासमोर काळा कोतवाल बसला की त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. ईडी काच ती कमी करते. पण नुसत्या अक्षरांवर जाऊ नये. ईडी लिहिलेल्या सुमार दुर्बिणी आहेत, आणि न लिहिलेल्या उत्तमही आहेत.

चष्मा असणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा जिवाभावाचा आहे, आय रिलीफ. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मा मध्ये आला की डोळा लांब जातो. हे अंतर १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जातात, आणि जास्त पैसे मोजून घेतलेली रुंदी वाया जाते. १७-१८ असेल तर निश्चिंत. चष्मा घालून पाहणाऱ्यांनी मागचे रबरी कप पूर्ण आत फिरवून ठेवायचे, न घालणाऱ्यांनी बाहेर काढायचे. कितीतरी जण चष्मा घालून कप बाहेर ठेवूनच पाहतात आणि दुर्बीण वाईट असल्याचं सांगतात.

जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो तेही विचारा. दोन-अडीच मीटर चांगलं. ज्यांना फुलपाखरं आणि चतुरही बघायचे आहेत त्यांच्यासाठी पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ नावाची छोटी दुर्बीण आहे, ती अर्ध्या मीटरवर फोकस होते. भिंग लहान, त्यामुळे पहाटेच्या पक्ष्यांना ती पुरणार नाही, पण दिवसाउजेडी अंगणातला शिंपी आणि त्याच झुडपावरचं फुलपाखरू दोन्ही ती सुरेख दाखवते.

दुकानात गेलात तर दुर्बीण घेऊन दाराबाहेर या. आत काउंटरवर काहीच कळत नाही. आधी ती आपल्या डोळ्यांना जुळवा. नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून, डाव्या डोळ्याने लांबची पाटी स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि उजव्या भिंगावरची डायऑप्टरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. काही दुर्बिणींत ही कडी मधल्या चाकापाशी असते. तिची जागा लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. हे न करताच दुर्बिणींची तुलना केली तर ती निरर्थक ठरते, कारण दोन डोळ्यांचे नंबर क्वचितच सारखे असतात.

मग पाटीवरची अक्षरं वर्तुळाच्या कडेला न्या आणि किती अंतरावर पुसट होतात ते पाहा. थोडी होणारच. अर्ध्या वाटेवरच झाली तर ती रुंदी फक्त कागदावरची. सावलीतल्या झाडाच्या बुंध्याकडे बघा, सालीच्या रेघा वेगळ्या दिसतात का. हातभर लांब धरून ते दोन उजळ ठिपके गोल आहेत का पाहा. चौकोनी किंवा कडेने करडे असतील तर आतले प्रिझम हलक्या काचेचे किंवा तोकडे आहेत. शेवटी पाच मिनिटं सलग बघत राहा. डोळे ओढल्यासारखे वाटले, कपाळ दुखलं, तर दोन नळ्या एकमेकींशी समांतर नाहीत. सवयीने होईल असं दुकानदार म्हणेल, ते होत नाही. दुसरा नग मागा.

लाखांच्या घरातल्या दुर्बिणींबद्दल विचारणारेही असतात. स्वारोव्स्की, झाइस, लायका यांच्या वरच्या मालिकांतून पाहिलं की फरक कळतो, विशेषतः कडेपर्यंत टिकणारी स्पष्टता आणि संधिप्रकाशातला उजेड. पण दहा हजारांच्या आणि तीस हजारांच्या दुर्बिणीत जितकं अंतर दिसतं, तितकं तीस हजारांच्या आणि तीन लाखांच्या दुर्बिणीत दिसत नाही. मिळाली तर एकदा हातात घेऊन जरूर बघा. पहिली दुर्बीण म्हणून मात्र घेऊ नका. वर्षभर फिरल्यावर आपल्याला झाडी आवडते की माळ, पाणी की डोंगर, हे कळतं, आणि मोठा खर्च त्यानंतर करावा.

आपल्या हवेत शेवटचा प्रश्न बुरशीचा. ज्या दुर्बिणीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ती बंद केलेली असते तिच्या आत वाफ धरत नाही, आणि बुरशीही सहसा लागत नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी शक्य असेल तर अशीच घ्यावी. पावसातून आल्यावर दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत लगेच कोंबू नका, पंख्याखाली वाळू द्या. पावसाळाभर ती झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या ओल धरल्या की बदला. कपाटात चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. भिंग पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं कापड. माळावरची धूळ म्हणजे बारीक दगड असतो, शर्टाच्या टोकाने घासला की लेपावर कायमचे ओरखडे उठतात. जुनी दुर्बीण विकत घेत असाल तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागच्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती काढायला दुर्बीण उघडावी लागते आणि नळ्या पुन्हा जुळवाव्या लागतात. तो खर्च स्वस्तातल्या दुर्बिणीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो, तेव्हा भाव कितीही उतरवून दिला तरी ती घेऊ नये.